सावलीतल्या कामाची पूर्ण हजेरी

साळवेबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडत होते. पंचायत समितीच्या जिन्याखाली जुन्या मतपेट्या आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असत, त्यांच्या आडोशाला. तांत्रिक सहायक म्हणून कंत्राटी नोकरीचा माझा तो पहिलाच दिवस होता. रोजगार हमीच्या कामावर माती मोजायला बाईमाणूस कशाला पाठवलंय, असं मला सकाळीच दोघांनी ऐकवून झालं होतं. बाई जिना उतरत होत्या. थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "टेप आणलाय का?"

मी पिशवीतून मोजमापाचा टेप काढून दाखवला.

"मग चला. रडणं जीपमध्ये उरकून घ्या. रस्ता इतका खराब आहे की कोणाला कळणार नाही."

रस्ता खरंच खराब होता. आणि मी उरकूनही घेतलं.

त्या साळवेबाई, म्हणजे आमच्या रोजगार हमी विभागातल्या तेव्हाच्या विस्तार अधिकारी श्रीमती सुशीला साळवे, यंदा साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'बाईंच्या कार्याचा आढावा' घ्यायला सांगितलं आहे. आढावा घेणारी माणसं बाईंना फारशी आवडत नाहीत, हे मी त्यांच्याजवळ राहून शिकले आहे. तेव्हा मी आपली आठवणी लिहिते. त्यातून जो निघेल तो आढावा.

बाई मूळच्या कोल्हारच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. घरात शिस्त, पेटी आणि बायबल. प्रवरेच्या पाण्यात डुंबल्याबद्दल लहानपणी जेवढा मार खाल्ला तेवढा अभ्यासाबद्दल कधी खाल्ला नाही, असं त्या सांगतात. लग्न होऊन राहात्याला आल्या. यजमान एसटीत वाहक. स्वयंपाक तेच करीत. बाईंच्या हाताला चव नाही, हे गौरवग्रंथात लिहू नये अशी सूचना मला मिळाली आहे. पण नाताळात ज्यांनी ज्यांनी त्यांच्या हातच्या करंज्या खाल्ल्या, त्या सगळ्यांच्या वतीने हे लिहिणं माझं कर्तव्य आहे. करंज्या कडक असत. बोलावणं मात्र इतकं मऊ असे की कंत्राटी माणसांपासून शिपायापर्यंत सगळं ऑफिस राहात्याला लोटायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या कोरड्या पट्ट्यात मातीच्या कामाची एक जुनी रीत आहे. काम जोडीनं करायचं. नवऱ्यानं टिकावानं खणायचं, बायकोनं घमेली वाहायची. खड्ड्याचं माप घेतलं की मजुरी निघायची ती खड्ड्याची, आणि खड्डा ओळखला जायचा नवऱ्याच्या नावानं. बाईच्या डोक्यावरून दिवसभर मुरूम गेला तरी नाव नवऱ्याचंच. सरकारचा नियम मात्र स्वच्छ आहे: बाई असो की बाप्या, मजुरीचा दर एकच, आणि ज्याचं त्याचं नाव वेगळं. बाईंनी तो नियम कामावर उभं राहून सोप्या मराठीत सांगायला सुरुवात केली. शासनाची मराठी त्या ऑफिसातच ठेवून येत.

बायकांची स्वतंत्र खाती उघडायची वेळ आली तेव्हा एक बाप्या हुज्जत घालू लागला. "म्याडम, घर एक, चूल एक, मग खाती दोन कशापायी?"

"टिकाव किती आहेत तुमच्या घरात?" बाईंनी विचारलं.

"दोन हायेत की."

"एका चुलीला दोन टिकाव चालतात, मग दोन खातीही चालतील." माणूस हसला आणि बायकोला पुढे करून मोकळा झाला. बाईंची ही हातोटी होती. समोरच्याला हरवायच्या नाहीत, त्याला हसत हसत बाजूला व्हायला जागा ठेवायच्या.

पण जिला जोडीच नाही तिनं काय करायचं? तशी एक होती चंद्रकला. सोनईच्या पलीकडे एका गावात नालाबांधाचं काम सुरू होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझी सोयरीक आहे आणि मला अजून जेवायला जायचं असतं. चंद्रकलाचा नवरा अपघातात गेलेला, पदरात काही महिन्यांची मुलगी. तिला कुठलीच जोडी आपल्या खड्ड्यावर घेत नव्हती. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम मात्र तिच्या दिरामार्फत निरोप पाठवत होता. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या मोलानं, अंगावरचं मूल घेऊन, परक्या मुलखात पाचटाच्या खोपीत राहायचं. गावात पुरा रोज मिळाला तर राहायचं, नाही मिळाला तर टोळीबरोबर जायचं, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. टोळ्या निघायला फार दिवस उरले नव्हते.

आम्ही दोघी त्या कामावर पहिल्यांदा गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. कामावर लहान मुलं येत असतील, पाच किंवा जास्त, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांसारखीच मजुरी द्यायची, असा नियम आहे. सावली, पाणी आणि औषधाची पेटी यांच्याच रांगेतला. बाईंनी विचारलं, "मुलं किती येतात?"

सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "पोरं न्हाईत म्याडम. आमच्यासंगं कोन्तीच पोरं न्हाईत."

मी ते खरं धरून पुढे टेप लावायला निघाले. बाई हलल्या नाहीत. शेजारच्या शेताच्या बांधाला बाभळींची रांग होती. तिकडून एक तान्हं रडलं. बायकांनी घमेली उचलली आणि मोठमोठ्यानं बोलायला लागल्या. गयाबाई नावाच्या एका दणकट बाईनं तर कारण नसताना बांधावरच्या कामाच्या मुकादमाला शिव्या घातल्या. तान्हं रडतच राहिलं. आज तरी कोणी जोडीला घेईल म्हणून आलेली चंद्रकला माझ्यासमोर रिकामं घमेलं धरून उभी होती, मान खाली, आणि तिचं पोलकं छातीवर दोन्हीकडे भिजत चाललं होतं.

बाईंनी ते पाहिलं. मुकादमाला पाण्याचा टँकर कुठे अडला ते बघायला पाठवलं आणि चंद्रकलाला एवढंच म्हणाल्या, "जा, पाजून ये. इथं कोणी बघत नाही."

ती धावली. मग हळूहळू बाकीच्याही कबूल झाल्या. बाभळींना झोळ्याच झोळ्या लागल्या होत्या. रांगती पोरं एका दोरीनं बुंध्याला बांधली होती, विहिरीकडे जाऊ नयेत म्हणून. पूर्वी कोणीतरी सांगून ठेवलं होतं की लेकुरवाळी बाई अर्धंच काम करते, तिला कामावर घेऊ नका. तेव्हापासून साहेब आला की पोरं लपवायची, ही गावाची रीतच पडली. ज्या पोरांसाठी सरकारनं सोय केली तीच पोरं सरकारपासून लपवली जात होती, आणि कागदावर आमच्या कामावर एकही मूल नव्हतं. परतताना जीप राहात्याच्या फाट्याजवळ आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "दोरी बघितलीत ना, इंजिनेर?"

त्या मला इंजिनेर म्हणत. पदविकाधारक मुलीला तेवढ्या एका शब्दानं किती बळ येतं, ते त्यांना ठाऊक असावं.

दुसऱ्याच दिवशी कामावर ताडपत्रीचं छप्पर उभं राहिलं आणि मुलं सांभाळायला चंद्रकलाची नेमणूक झाली. पूर्ण रोजानं. आता सगळ्या खूश होतील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. गयाबाईनं कमरेवर हात ठेवून सुनावलं, "आमी उन्हात मरायचं आन् हिनं सावलीत बसून आमच्याइतकाच रोज घ्यायचा? ह्यो कुठला न्याय?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

बाई रागावल्या नाहीत. "बरोबर आहे," म्हणाल्या. "मग आज सावलीत तुम्ही बसा, गयाबाई. चंद्रकला घमेली वाहील."

गयाबाई तोऱ्यात छपराखाली जाऊन बसल्या. पहिल्यांदा त्यांनी सगळ्या पोरांना ओळीत बसवलं. ओळ मोडली. एकानं मुरूम खाल्ला, दुसरीनं त्याचे केस धरले, तिसरं छपराच्या बांबूवर चढलं. झोळीतली दोन आळीपाळीनं उठत होती. एकाला झोपवलं की दुसरं ठरवून उठल्यासारखं उठे. एक पोरगं विहिरीच्या वाटेला लागलं, त्याच्यामागे गयाबाई पदर खोचून पळाल्या, तोवर इकडे पाण्याचा माठ कलंडला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचा आवाज बसला होता. बाईंकडे येऊन म्हणाल्या, "म्याडम, माझं घमेलं द्या मला. ही पोरं न्हाईत, वारूळ फुटलंय वारूळ."

त्यानंतर चंद्रकलाच्या रोजावर कामावरच्या कोणी बोट ठेवलं नाही. बोट ठेवलं गेलं वरून.

वरच्या एका कार्यालयातून तपासणीला एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यांत राहणारा. त्यांनी मला विचारलं, "ही बाई रोज किती घनमीटर काम करते?" माझ्या टेपला मुरूम मोजता येत होता. पोरांची झोप, पोरांचं शू-शी, विहिरीपासून वळवलेली पावलं मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. साहेबांनी निकाल दिला, की हे काम मोजमापात बसत नाही, सबब अर्धी हजेरी लावावी. बाईंनी नियम दाखवला. साहेब म्हणाले, नियमाचा अर्थ आम्ही वरून विचारून घेऊ, तोवर अर्धी. आणि 'तोवर' म्हणजे किती काळ, हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्या बाईंना कोणी सांगायला नको होतं. टोळी चार दिवसांवर आली होती. चंद्रकलाचा दीर बोचकं बांधून ठेव म्हणून सांगून गेला होता.

त्या संध्याकाळी बाई चंद्रकलाशी छपराखाली बसून बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा येणार होते, बांधाची लांबी बघायला.

साहेब आले. बांधावर उभे राहून आकडे घेत होते. ऊन डोक्यावर आलं तशी चंद्रकला उठली. एक पोर कडेवर, एक बोटाला, बाकीची मागे, अशी ती वरात खड्ड्यांकडे निघाली. प्रत्येक खड्ड्यापाशी थांबायची, ज्याचं त्याचं पोर त्याच्या आईच्या हवाली करायची. "घ्या वैनी. माझा अर्धा दिस भरला." पुढच्या खड्ड्यावर, "घ्या मावशी, तुमचा बाळ्या. माझा अर्धा दिस झाला." आवाज चढवला नाही, भांडण केलं नाही. सगळी पोरं वाटून झाल्यावर स्वतःची मुलगी घेऊन ती बाभळीखाली जाऊन बसली.

पहिल्यांदा घमेली थांबली. ज्यांच्या कडेवर पोर आलं त्या वाहणार कशा? घमेली थांबली तसे टिकाव थांबले, कारण खणलेला मुरूम उचलायलाच कोणी नव्हतं. बाप्ये खड्ड्यात उभे राहून एकमेकांकडे बघू लागले. एक रांगतं पोर थेट बांधावर चढून साहेबांच्या बुटाची नाडी चोखायला लागलं. साहेबांनी विचारलं, "काम का बंद पडलं?"

उत्तर गयाबाईंनी दिलं. "साहेब, तिची हजेरी अर्धी, तर आमचं कामबी अर्धंच हुतंय. मोजा तुमचं घनमीटर."

साहेबांनी वही मिटली. नाडी चोखणारं पोर त्यांनी उचललं, कसं धरायचं ते न कळून लांब धरलं, आणि बाईंकडे देऊ लागले. बाईंनी हात मागे बांधलेले होते. "थोडा वेळ घ्या साहेब," त्या अदबीनं म्हणाल्या, "मी तेवढ्यात पाणी पिऊन येते." आणि खरंच गेल्या. पाणी प्यायला एवढा वेळ लावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. परत आल्या तेव्हा साहेबांच्या सदऱ्याची बाही ओली होती आणि चेहरा उतरला होता. त्यांनी पोर त्याच्या आईला दिलं आणि मला म्हणाले, "पूर्ण लावा हजेरी. कालचीसुद्धा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला लपवायला जीपही जवळ नव्हती.

टोळी गेली, चंद्रकला राहिली. ती कल्पना तिची होती की बाईंची, हे मी आजवर अनेकदा विचारलं. बाई म्हणतात, "मला काय ठाऊक? मी पाणी पीत होते."

पुढे माझं लग्न झालं, सोनईला आले, दिवस गेले. ऑफिसात एकानं अगदी मायेनं सल्ला दिला: कंत्राटी माणसाला कसली बाळंतपणाची रजा, राजीनामा दे, मूल मोठं झालं की पुन्हा अर्ज कर. घरीही तेच मत पडत चाललं होतं आणि मीही मनानं निम्मी हरले होते. बाईंना कळलं तशा त्या मला हाताला धरून आमच्या ऑफिसच्या साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या. "कायद्याला पोट दिसतं साहेब, कंत्राट दिसत नाही," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. रजा मिळाली. आमच्या ड्रायव्हरची बायको बाळंतीण झाली तेव्हा त्यालाही त्यांनी असंच घरी पिटाळलं होतं. तो म्हणाला, "घरी आई हाय की म्याडम." बाई म्हणाल्या, "आई तुझी आहे. मूल तुझंही आहे."

रजा संपवून मी परत आले ती मुलीला घेऊनच. तिची झोळी चंद्रकलाच्या छपराखाली बांधली गेली. मी उन्हात टेप ओढत होते आणि पाठीमागून चंद्रकलाचा आवाज येत होता, माझ्या लेकीला दटावणारा. त्या आवाजाच्या जिवावर मी नोकरी केली. आजही करते आहे.

बाईंना हे सगळं इतकं जिव्हारी का लागत असे, ते मला एकदाच कळलं. कोल्हारहून राहात्याला एसटीनं येत होतो. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नोकरी लागली तेव्हा माझा मुलगा अंगावर पीत होता. त्याला कोल्हारला आईकडे ठेवला. दुसरी सोयच नव्हती. आईला तो आई म्हणायचा. मला काय म्हणायचा सांगू? सुशी. आई मला सुशी म्हणते ना, म्हणून. मी शनिवारी आले की आत वर्दी द्यायचा, 'आई, सुशी आली.'" त्या हसल्या. मीही हसले. तो मुलगा आज मोठा अधिकारी आहे, आईवर जीव टाकतो. पण ती शनिवारची हाक बाईंच्या मनातून गेली नसावी.

निवृत्तीनंतर बाई आता बहुतेक कोल्हारलाच असतात. ज्या आईनं त्यांचं मूल वाढवलं तिचं आता सगळं अंथरुणातच करावं लागतं. मदतीला एक बाई ठेवली आहे. या ग्रंथाची परवानगी मागायला मी गेले तो रविवार होता. साठीच्या बाई एकट्याच आईला उठवून बसवत होत्या, घामाघूम. मी विचारलं, मदतनीस कुठे? तर म्हणाल्या, "तिची आज भरपगारी सुट्टी. तिलाही घर आहे." आणि मग माझ्यावरच ओरडल्या, "बघत काय उभ्या राहिलात इंजिनेर, उशी धरा."

मी उशी धरली. एका बाजूनं मी, एका बाजूनं बाई, मधे आजी. जुने दिवस आठवले. जीपमधली ती धूळ, डब्यातली यजमानांच्या हातची मेथी, कामावरून परतताना बाईंनी गुणगुणलेली चर्चमधली भजनं. आता हजेरी मोबाईलवर लागते, छपरं पक्की झाली, काही ठिकाणी ती नुसती फोटोपुरती उरली. तिथे गेलं की वाटतं, बाई अजून नोकरीत हव्या होत्या.

बाई, तुम्हांला भरपूर आयुष्य लाभो. गुडघे शाबूत राहोत, रागही शाबूत राहो, आणि करंज्यांबाबत देव आम्हांला दात देवो. तुमची शंभरी आम्हांला कोल्हारला येऊन साजरी करायची आहे. चंद्रकला अजून कामावर पोरं सांभाळते. ग्रंथात तुझ्याकडून काय लिहू, असं विचारलं तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं पोचवते:

"म्याडमला म्हनावं, काळजी करू नका. तुमी लई म्हाताऱ्या झाल्या की तुमचं करायला मी येनार, दुसरी कोन न्हाई. पर रोज पुरा घेईन."

मी फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "घ्यायलाच पाहिजे."